सर्व्हर सुरू होतानाचा एक सेकंद

टर्मिनलवर कमांड देऊन एंटर दाबला की सर्व्हर पहिली रिक्वेस्ट घ्यायला तयार होईपर्यंत जेमतेम एक-दोन सेकंद जातात. बेंगळुरूच्या ऑफिसांमध्ये हे दिवसभर चालू असतं. स्क्रीनवर चार-सहा ओळी सरकतात आणि त्या सहसा कुणी वाचत नाही. माझ्या कामाचा मोठा भाग त्या ओळी वाचण्याचा आहे. ॲप्लिकेशनचा कोड सगळ्या मशीनवर सारखाच असतो. पण डेटाबेस कुठे आहे, पासवर्ड काय, कोणत्या पोर्टवर ऐकायचं, चूक झाली तर तिचा तपशील लोकांना दाखवायचा की नाही, हे त्याला याच वेळात बाहेरून कळतं. आपण कुठे आहोत हे तो तेव्हा शिकतो.

हे बघायचं असेल तर लिस्टमंक घ्यावं. झिरोधा या इथल्या कंपनीचे सीटीओ कैलाश नाध यांनी लिहिलेलं, हजारो वाचकांना ईमेल पत्रिका पाठवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. रिकाम्या फोल्डरमध्ये ते चालवलं तर ते पुढे जात नाही. कॉन्फिग फाइल सापडली नाही, नसेल तर अमुक कमांड देऊन तयार करा, असं सांगून तिथेच थांबतं. कमांड दिली की टॉमल स्वरूपातली नमुना फाइल समोर येते: वरच्या भागात पत्ता आणि 9000 हा पोर्ट, खाली डेटाबेसचा तपशील. एकाहून जास्त फाइली देता येतात आणि त्या दिलेल्या क्रमानेच एकात एक मिसळतात. प्रत्येक फाइल वाचताना तिचं नाव स्क्रीनवर उमटतं. त्यानंतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल येतात. ‘लिस्टमंक’ या शब्दाने सुरू होणारी व्हेरिएबल निवडली जातात, आणि नावातल्या जोड-अंडरस्कोरवरून कोणत्या गटातली कोणती किंमत बदलायची ते ठरतं.

इथवर डेटाबेसशी बोलणं झालेलं नसतं, आणि होऊही शकत नाही, कारण त्याचा पत्ताच आत्ता कुठे हाती आलेला असतो. जोडणी झाली की मेल सर्व्हर वगैरे बाकीच्या सेटिंग्ज डेटाबेसमधल्या टेबलातून येऊन त्याच ढिगात पडतात. म्हणजे एका छोट्या ॲप्लिकेशनच्या ‘कॉन्फिग’चे किमान तीन उगम झाले. एखादी किंमत चुकीची निघाली की ती या तिघांपैकी कुठून आली, हे शोधण्यात माणसाची दुपार जाते.

मिसळण्याचं हे काम लिस्टमंकमध्ये कोआन्फ करते. नाध यांचीच, गो भाषेतली ही लायब्ररी. गोच्या जगात याच कामासाठी व्हायपर फार आधीपासून प्रचलित आहे. तिच्यात फाइल, व्हेरिएबल, फ्लॅग यांपैकी कोण कोणावर मात करणार हे लायब्ररीनेच ठरवून ठेवलेलं असतं, आणि कीमधली कॅपिटल अक्षरं ती स्मॉल करून टाकते. कोआन्फ हा क्रम ठरवत नाही. तुम्ही जे आधी लोड कराल ते खाली, जे नंतर कराल ते वर. मला हे मनापासून पटतं. क्रम कोडमध्येच वरून खाली दिसतो, त्यासाठी दस्तऐवज चाळावा लागत नाही.

पायथॉनच्या फ्लास्क फ्रेमवर्कची तऱ्हा निराळी. तिथे कॉन्फिग फाइल म्हणजे सरळ पायथॉनचा कोड. फ्रेमवर्क ती फाइल चालवतं आणि पूर्ण कॅपिटल अक्षरांतली नावं तेवढी उचलतं. स्मॉल अक्षरांत लिहिलेली सेटिंग बिनतक्रार गळून जाते. पासवर्ड असलेली फाइल गिटमध्ये जाऊ नये म्हणून 2011 सालीच फ्लास्कमध्ये ‘इन्स्टन्स’ फोल्डरची सोय झाली. बेंगळुरूच्या हॅसगीकने, म्हणजे किरण जोन्नलगड्डा यांनी सुरू केलेल्या तंत्रपरिषदांच्या संस्थेने, आपल्या फ्लास्क ॲप्लिकेशनांसाठी कोस्टर ही लायब्ररी लिहून खुली केली. तिच्या मूळ रचनेत इन्स्टन्स फोल्डरमधली सेटिंग्जची सामाईक फाइल आधी वाचली जाते. मग डेव्हलपमेंट, टेस्टिंग किंवा प्रॉडक्शन यांपैकी लागू असेल ती फाइल तिच्यावर चढते. ही दुसरी फाइल नसली तर लॉगमध्ये तशी ओळ लिहून काम पुढे चालू राहतं.

या वागण्यामागे विचार आहे. लहान ॲप्लिकेशनचं सगळं काही सामाईक फाइलीतच असू शकतं, मग दुसरीचा आग्रह कशाला? पण मोठ्या पसाऱ्यात मला ही सवलत धोक्याची वाटते. एका कंपनीत, वेगळ्याच कोडमध्ये, मी तिचा परिणाम पाहिला. नव्या मशीनवर प्रॉडक्शनची फाइल पोचलीच नव्हती. सर्व्हर सुरू झाला, लोक लॉगिन करत राहिले. मेल सर्व्हरचा पत्ता मात्र डीफॉल्ट, म्हणजे तेच मशीन. मेल पाठवण्याचं काम मागे रांगेत चालायचं, त्यामुळे पानावर काही बिघडलेलं दिसेना. पासवर्ड बदलण्याचे मेल येत नाहीत असे ग्राहकांचे फोन आल्यावर शोध सुरू झाला. फाइल नसल्याची ओळ लॉगमध्ये पहिल्या क्षणापासून होती.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा वेगळाच फास आहे. तिथे प्रत्येक किंमत ही अक्षरांची माळ असते, आणि पायथॉनच्या लेखी रिकामी नसलेली कोणतीही माळ म्हणजे ‘खरं’. डीबग बंद करायला कुणी कॅपिटल एफने ‘फॉल्स’ लिहिलं तर डीबग चालू राहू शकतो. फ्लास्कच्या 2.1 आवृत्तीत व्हेरिएबल वाचण्याची नवी सोय आली. ती किंमत जेसन म्हणून वाचून बघते, त्यामुळे स्मॉल अक्षरांतलं ‘फॉल्स’ बरोबर कळतं. कॅपिटल एफचं मात्र जेसनमध्ये बसत नाही, म्हणून ते पुन्हा अक्षरंच राहतं आणि ‘खरं’ ठरतं.

मुंबईच्या फ्रॅपे या वेब फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक साइटची जेसन कॉन्फिग फाइल सामाईक फाइलीवर चढते. डेटाबेसच्या नावाशेजारी तीत एन्क्रिप्शन की असते. नुसत्या डेटाबेसचा बॅकअप घेतला आणि ही फाइल गमावली, तर ईमेल खात्यांचे वगैरे साठवलेले पासवर्ड पुन्हा उलगडता येत नाहीत. फ्रॅपेवर उभं असलेलं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने आपल्या माणसाला आजच विचारावं: ती फाइल बॅकअपमध्ये आहे ना?

अर्धवट कॉन्फिगवर सुरू होणारं ॲप्लिकेशन हे बंद पडलेल्या ॲप्लिकेशनपेक्षा वाईट, असं माझं ठाम मत आहे. बंद पडलेलं निदान लगेच लक्षात येतं. म्हणून वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे की, प्रॉडक्शनमध्ये ज्या कीवाचून चालणार नाही त्यांची यादी कोडमध्येच करा. त्यातली एक जरी नसली तरी तिचं नाव छापून सर्व्हर तिथेच थांबवा. पंधरा-वीस ओळींचं काम आहे, पुढच्या डिप्लॉयच्या आधी करून टाका.