बाळंतपणाच्या खाटेचेही आरक्षण हवे

आरक्षण म्हटले की आपल्या समाजाला शिक्षण, नोकरी आणि राजकीय जागा आठवतात. त्यासाठी आपण लढलो, पुढेही लढू. पण शहराच्या विकास आराखड्यातही आरक्षण असते. कोणती जमीन शाळेला, कोणती बागेला, कोणती प्रसूतिगृहाला, हे तेथे ठरते. त्या आरक्षणाकडे आपले लक्ष नाही. बिल्डरांचे मात्र आहे.

पुण्याचेच पाहा. महापालिका हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली गेली. टोलेजंग इमारती उठल्या. त्या बांधणारे मजूर, तेथे धुणीभांडी करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या आमच्या भगिनी यांच्या वस्त्याही वाढल्या. अडलेल्या बाईला घेऊन रात्री जायचे कोठे? मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून. खासगीत आधी अनामत! २०२५ साली पुण्यात एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे दहा लाख मागितल्याचा आरोप झाला. जुळ्यांना दुसरीकडे जन्म देऊन ती माता दगावली. तिचे कुटुंब वजनदार होते, म्हणून बोभाटा तरी झाला. आमच्या वस्तीतल्या बाईची बातमी कोण छापणार?

खाटांचा हिशोब अवघड नाही. हजारी १५ जन्म धरले तर लाखाच्या लोकसंख्येत वर्षाला १५०० बाळंतपणे होतात. पाचातले एक सिझेरियन धरा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) साध्या बाळंतपणाला तीन आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत मोफत आहार आहे. तेवढे दिवस खाट लागते असे मानले तर रोज सरासरी १६ खाटा भरलेल्या राहतील. कळा वेळापत्रक पाहून येत नाहीत. म्हणून किमान २० खाटा हव्यात. म्हणजे अडीच लाखांना ५०. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष काय सांगतो? अडीच लाखांमागे ३० ते ५० खाटांचे एक केंद्र, तेही सर्व आजारांसाठी! निम्म्या बाया खासगीत जातील असे कोणी म्हणेल. हातावर पोट असणाऱ्यांच्या वस्तीत त्या कशा जातील?

बरे, आराखड्यात जागा राखली म्हणून रुग्णालय होतेच असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही प्रशासन हलले नाही तर आरक्षण संपते. प्रसूतिगृह कागदावरच मरते आणि तेथे टॉवर उभा राहतो.

पैसा नाही, ही सबब कायद्यात टिकणारी नाही. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि त्यासाठी पैशाची अडचण पुढे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच पश्चिम बंगालच्या प्रकरणात बजावले. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने गरीब मातांच्या प्रसूतीसेवेचा हक्क कलम २१ शी जोडला. एक माता झाडाखाली बाळंत झाली होती. आणि बाबासाहेबांनी तर १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की, मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे.

तेव्हा आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. प्रारूप आराखडा जाहीर झाला की त्याचा नकाशा विहारात लावा. वस्तीजवळ प्रसूतिगृहाची जागा नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला महिलांना घेऊन जा. आराखडा मंजूर असेल तर माहिती अधिकारात विचारा : जागा ताब्यात आली का, अंदाजपत्रकात रक्कम किती, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञांची पदे मंजूर आहेत का? दहा वर्षे संपण्याआधी विचारा. नंतर मोर्चा काढून गेलेली जमीन परत येत नाही.