नकली सुरी, खरी धडधड

मागे आम्ही काही शिक्षक मित्रमैत्रिणींनी मिळून आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ पाहिला. चित्रपट १९६० सालचा, कृष्णधवल. न्हाणीघरात खून होणार, कोणाचा होणार, सगळं आधीच ठाऊक होतं. तरीही पडद्यामागे सावली दिसली आणि आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी शेजारणीचं मनगट गच्च धरलं. शेजारीण म्हणाली, “अहो, हात केवढा गार पडलाय तुमचा!”

आता गंमत पाहा. तो प्रसंग पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा. चित्रीकरणाला मात्र सात दिवस लागले. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचा पातळ पाक. कृष्णधवल चित्रात लाल काय नि तपकिरी काय, दोन्ही काळपटच दिसतात. सुरी भोसकल्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढलेला. हे माहीत असूनही छाती धडधडते ती का?

डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारे संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधून पुढे जातात. तिथून एक लांबचा रस्ता मेंदूच्या बाह्य आवरणाकडे जातो. ‘हा चित्रपट आहे’ हे समजतं ते तिथे. दुसरा जवळचा रस्ता थेट अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाकडे जातो. जोसेफ लडू यांनी उंदरांना आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगांतून हा रस्ता लक्षात आला. (माणसात, विशेषतः दृश्यांच्या बाबतीत, तो किती कामाचा आहे यावर अजून वाद आहे.) अमिग्डाला शहानिशा करत बसत नाही. धोक्याची खूण मिळताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदय जोरात चालू लागतं, बाहुल्या मोठ्या होतात, रक्त स्नायूंकडे वळतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार!

कानांचा वाटा तर मोठाच. हिचकॉकला या प्रसंगात संगीत नकोच होतं. बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांच्या किंचाळ्यांसारख्या सुरांची रचना केली आणि ती ऐकून हिचकॉकने मत बदललं. खारीच्या कुळातल्या मार्मोट प्राण्यांच्या हाकांचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल ब्लूमस्टाइन यांनी सहकाऱ्यांसह २०१० साली चित्रपटांतले आवाज तपासले. घाबरलेल्या प्राण्यांच्या ओरडण्यात असतो तसला कर्कशपणा त्यांना भयपटांत आढळला. आम्ही तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहिला, तर बाई चक्क हसत होत्या.

हे लिहायला निमित्त झालं ते आठवीतल्या एका मुलाचं. घरी मोठ्यांबरोबर असाच एक चित्रपट पाहून तो दोन रात्री झोपला नाही. वर्गात त्याला ‘भित्रा’ म्हणून चिडवणं सुरू झालं. खरं तर त्याचं शरीर नेमून दिलेलं काम चोख करत होतं. लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटते. त्या मुलाला समजावण्याआधी चिडवणाऱ्यांनाच नाडी मोजायला बसवावं असं आम्हाला वाटलं.

त्यासाठी चित्रपट दाखवायची मुळीच गरज नाही. मुलांना शांत बसवून पंधरा सेकंदांतले ठोके मोजायला सांगा. मग न सांगता मागच्या बाजूला एक जाड पुस्तक धाडकन पाडा आणि लगेच पुन्हा मोजा. नंतर तेच सांगून पाडा. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर लिहा, आणि जमल्यास आम्हालाही कळवा.