कासवाच्या पेटीतील ओलावा

आषाढ लागला की पनवेलच्या बाजारपेठेतील व्यापारी धान्याच्या थप्पीखाली लाकडी फळ्या घालतात, मिठाच्या आणि गुळाच्या गोणी भिंतीपासून दूर सरकवतात. कोणत्या मालाला किती ओल सोसते, याचे ज्ञान या घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. हौसेने घरी आणलेल्या कासवाच्या बाबतीत मात्र तीच सावधगिरी क्वचित दिसते.

शाकाहारी म्हणून अनेकांना सोयीचे वाटणारे आफ्रिकेतील सुलकाटा कासव हे याचे चांगले उदाहरण होय. ते सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवरचे. म्हणून त्याला कोरडी पेटी हवी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हे कासव दिवसातील कडक उन्हाचा काळ जमिनीखालील बिळात काढते आणि बिळातील हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ दमट असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोरड्या हवेत वाढलेल्या पिलांच्या कवचावर उंचवटे अधिक आल्याचे आढळले. असे एकदा वाकडे वाढलेले कवच पुन्हा सपाट होत नाही.

पनवेलची हवा मुळातच दमट. मग पेटी कोरडी कशी पडेल? याचे उत्तर उष्णतेत आहे. तापलेली हवा अधिक बाष्प सामावून घेते. बाहेर २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तीच हवा पेटीतील दिव्याखाली ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता सुमारे ५४ टक्क्यांवर येते. वातानुकूलित खोलीत हवेतील पाणी आणखी कमी होते. याउलट, दिवा बंद, ऊन नाही आणि तळ चिखलासारखा ओला, अशा थंड दमटपणात कासवाला श्वसनाचा विकार जडतो. नाकातून फेस येणे, तोंड उघडून श्वास घेणे, अन्न सोडणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच पशुवैद्याकडे न्यावे. घरगुती उपायांत दिवस दवडू नयेत.

म्हणून ओलावा अंदाजाने ठरवू नये. थोड्या पैशांत मिळणारे आर्द्रतामापक पेटीच्या दोन्ही टोकांना, कासवाच्या उंचीवर ठेवावे. एक टोक दिव्याखाली उबदार आणि कोरडे असावे. दुसऱ्या टोकाला लपण्याची जागा करून तिच्या तळाशी ओलसर नारळाचा भुसा पसरावा. भुसा मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये. पिलाला कोमट, उथळ पाण्यात नियमित बसवावे. पाणी हनुवटीखाली राहिले पाहिजे. पेटीला हवेसाठी झरोके असावेत, नाहीतर बुरशी धरते. कोठे बसायचे, हे कासवाला ठरवता आले की निम्मे काम झाले.

आणण्यापूर्वीचा विचार याहून मोठा आहे. तळहातावर मावणारे सुलकाटा पुढे ४० किलोंहून अधिक वजनाचे होते आणि कित्येक दशके जगते. अशा परदेशी प्राण्यांची केंद्र शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक आहे. शुभ मानून दुकानात ठेवले जाणारे भारतीय तारा कासव तर बाळगणेच गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान मिळाले आहे. कासव हे मुनिसुव्रतस्वामींचे लांछन. पण जीवाला बांधून ठेवणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे, हेही याच परंपरेचे वचन.

घरात तारा कासव असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणतेही पाळीव कासव वडाळे तलावात किंवा कर्नाळ्याच्या रानात सोडू नये. परका जीव तेथे तग धरू शकला नाही तर मरतो, आणि तगला तर तेथील जीवांचे अन्न व जागा बळकावतो.