घरदुरुस्ती अर्धवट टाकणारा ठेकेदार आणि कायदा

मे महिन्याच्या अखेरीस गावोगाव एक दृश्य हमखास दिसते. घराची कौले उतरवून अंगणात रचलेली असतात, कुजलेले वासे व रीपा काढून टाकलेल्या असतात, भिंतींच्या माथ्यावर नव्या विटांचे दोन थर चढलेले असतात आणि काम मात्र थांबलेले असते. 'उद्या माणसे पाठवतो' असे सांगून ठेकेदार गेलेला असतो. ठरलेल्या रकमेचा मोठा भाग त्याच्या हाती पडलेला असतो. पश्चिमेकडे ढग जमू लागले की कुटुंबातील माणसे ताडपत्रीच्या शोधात निघतात. शहरात हाच प्रकार गच्चीच्या गळतीच्या कामात आढळतो. जुना कोबा फोडून ठेवलेला असतो आणि नवा पडत नाही. घरदुरुस्तीचा पैसा बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून, पतसंस्थेच्या कर्जातून किंवा दागिने मोडून उभा केलेला असतो. तो दुसऱ्यांदा उभा करणे बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते.

प्रत्येक वेळी यामागे लबाडीच असते असे मात्र नव्हे. लहान ठेकेदार एकाच वेळी तीन-चार कामे अंगावर घेतो. एका घरमालकाच्या उचलीतून दुसऱ्याच्या कामावरील मजुरी भागते, दुसऱ्याच्या उचलीतून तिसऱ्याचे सिमेंट येते. नवे काम मिळत राहील तोवर ही साखळी चालते. एक कडी तुटली की जेथे सर्वांत जास्त पैसे घेऊन झाले आहेत, तेच काम प्रथम बंद पडते. कारण तेथे जाऊन त्याला आता मिळण्यासारखे फारसे उरलेले नसते. घरमालकाचाही काही वेळा दोष असतो. काम चालू असतानाच 'न्हाणीघर थोडे वाढवा' असे सांगितले जाते आणि वाढीव कामाचा दर ठरवायचा राहून जातो. पुढे हीच वाढ ठेकेदाराची ढाल होते.

सार्वजनिक कामांत मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावाचून देयक निघत नाही, आणि सुरक्षा अनामत राखून ठेवली जाते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलांचे हप्तेही बांधकामाचा टप्पा पाहून, त्याचे छायाचित्र घेऊनच दिले जातात. त्या योजनेत तर ठेकेदार नेमण्यासच मनाई आहे. हे सर्व नियम तोंडपाठ असणारे अधिकारी व पंचायत सदस्य स्वतःच्या घराचा व्यवहार मात्र दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहिलेल्या चार आकड्यांवर भागवतात, हे नमूद करणे भाग आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचे उदाहरण

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ७३ मध्ये नुकसानभरपाईचे तत्त्व सांगून पुढे जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतील एक नेमके याच प्रश्नावर आहे. एक जण दुसऱ्याचे घर ठरावीक पद्धतीने दुरुस्त करण्याचे कबूल करतो आणि आगाऊ पैसे घेतो. दुरुस्ती करतो, पण कराराप्रमाणे करीत नाही. अशा वेळी ती दुरुस्ती कराराबरहुकूम करून घेण्यास जो खर्च येईल, तो घरमालकास त्याच्याकडून वसूल करता येतो.

या तत्त्वातून भरपाईचा हिशेब कसा निघतो, हे पाहण्यासारखे आहे. समजा, काम तीन लाख रुपयांस उक्ते ठरले, दोन लाख रुपये देऊन झाले आणि ठेकेदार निघून गेला. झालेल्या कामाची किंमत एक लाख वीस हजार भरते. बहुतेक घरमालक दोन लाखांतून ती वजा करून ऐंशी हजार रुपये परत मागतात. परंतु उरलेले काम पुरे करण्यास दुसरा ठेकेदार वाजवी दराने दोन लाख चाळीस हजार रुपये घेत असेल, तर घरमालकाचा एकूण खर्च चार लाख चाळीस हजार होतो. ठरलेल्या तीन लाखांहून तो एक लाख चाळीस हजारांनी अधिक आहे, आणि मागणी याच रकमेची करावयाची असते. मात्र उरलेले काम मूळ ठरावाप्रमाणेच झाले पाहिजे. कौलारू छपराऐवजी स्लॅब टाकून त्याचा खर्च पहिल्या ठेकेदाराकडून मागता येणार नाही. तसेच टाळता येण्याजोगे नुकसान वाढू देऊन त्याची भरपाई मागणेही कायद्यास मान्य नाही. म्हणूनच निकालाची वाट पाहत घर उघडे ठेवण्याचे कारण नाही. दुसऱ्याकडून काम पुरे करून घ्यावे.

फक्त त्यापूर्वी एक गोष्ट झाली पाहिजे, आणि नेमकी तीच बहुधा होत नाही. नवा गवंडी कामास लागला की जुने काम किती झाले होते, हे सांगणारा पुरावा भिंतीतच गाडला जातो. यास्तव काम थांबल्याचे स्पष्ट होताच प्रथम मोजमाप घ्यावे. गिलावा किती ब्रास झाला, वासे किती बसले, जागेवर किती विटा व सिमेंटच्या किती गोण्या आहेत, याची नोंद करावी, छायाचित्रे काढावीत आणि दोन त्रयस्थ व्यक्तींच्या सह्या घ्याव्यात. गावातील शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य यांचे खरे साहाय्य येथे होऊ शकते. ठेकेदाराकडून पैसे वसूल करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. पण पंच म्हणून केलेली तारीखवार सही पुढे फार उपयोगी पडते. रक्कम मोठी असल्यास अभियंत्याचा अहवाल त्याच्या शपथपत्रासह घ्यावा.

त्यानंतर ठेकेदारास लेखी सूचना द्यावी. ठराव काय होता, किती रक्कम कोणत्या तारखांना दिली, काय शिल्लक आहे आणि किती दिवसांत काम सुरू न केल्यास त्याच्या खर्चाने ते दुसऱ्याकडून करून घेतले जाईल, एवढे तीत असावे. पूर्वी अशी पत्रे रजिस्टरने पाठवीत. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी. 'सामानासाठी थोडे द्या, लगेच सुरू करतो' असे उत्तर आल्यास रोख रक्कम देऊ नये. सामान स्वतः दुकानातून आणून द्यावे.

तक्रार कोठे करावी?

पुष्कळ जण प्रथम पोलीस ठाण्यात जातात आणि निराश होऊन परततात. कराराचा भंग आणि फसवणूक या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैसे घेतानाच बुडविण्याचा हेतू होता असे दिसले, तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा भेद स्पष्ट केला आहे. एकाच काळात अनेकांकडून उचल घेऊन कोठेच काम सुरू न करणे, खोटा पत्ता देणे, अशा बाबी असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार जरूर करावी. एरवी हा दिवाणी स्वरूपाचा प्रश्न आहे.

त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. १९९३ साली ग्राहक कायद्यातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश झाला आणि २०१९ च्या नव्या अधिनियमातही तो कायम आहे. सेवेपोटी दिलेली रक्कम पन्नास लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत ध्यानात धरून बसणाऱ्यांची येथे गफलत होते.

एक भेद मात्र पाहावा लागतो. गवंडी रोजंदारीवर ठेवून मालक स्वतः त्याच्याकडून काम करून घेत असेल, तर तो व्यवहार व्यक्तिगत सेवेचा ठरून ग्राहक कायद्याबाहेर जाण्याचा संभव असतो. काम उक्ते दिलेले असेल तर ही अडचण येत नाही. म्हणून पावतीवर नुसते 'मजुरीपोटी' असे न लिहिता कामाचे वर्णन, ठरलेली एकूण रक्कम आणि ठेकेदाराचे पूर्ण नाव व कायमचा पत्ता लिहून घ्यावा.

कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात अधिक काळ जातो. रक्कम लहान असेल आणि ठेकेदार गावातलाच, तडजोडीस तयार असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे शुल्क लागत नाही, रक्कम हप्त्यांनी फेडण्याचे ठरविता येते, आणि झालेल्या तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तिच्याविरुद्ध अपील नाही. ठेकेदार हजरच झाला नाही, तर आयोगाचा मार्ग मोकळा असतो. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आदेश हाती पडल्यावरही पैसे न मिळालेल्या घरमालकाने त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावयाचा असतो.