हापूसचा रस, बर्फ आणि जाडे मीठ

घरगुती फळांच्या आइस्क्रीमला दूध आणि साखर यांखेरीज ताजे फळ, बर्फ आणि जाडे मीठ लागते, आणि रायगडच्या किनारपट्टीवर या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून फारशा लांब नाहीत. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या भागांत आंबा-फणस-नारळाच्या वाड्या आहेत, पेण-उरणकडे मिठागरे आहेत आणि मासळी टिकवण्यासाठी बंदरांवर बर्फाच्या लाद्या येत असतात. या तिन्हींना एकत्र आणणारे साधन मात्र परदेशी आहे. लाकडी बादली, तिच्यात बसणारा धातूचा डबा, डब्यातील पाती आणि वरून फिरवायचा दांडा अशा रचनेच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांना १८४३ मध्ये मिळाले, आणि मराठी घरांत ‘पॉट’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र मूळ तत्त्वात आजही तेच आहे.

या यंत्राचे सारे काम मिठावर चालते. निव्वळ वितळता बर्फ डब्याला शून्य अंशाखाली नेऊ शकत नाही आणि साखर विरघळलेले दूध शून्यावर गोठत नाही, त्याला उणे दोन-तीन अंश तरी लागतात. म्हणून नुसत्या बर्फात डबा कितीही फिरवला तरी आत गार दूधच राहते. बर्फाच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या पातळ थरात मीठ विरघळले की त्या खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला द्रव घट्ट होऊ लागतो ते तापमान, खाली सरकतो. त्यामुळे बर्फ वितळत राहतो आणि वितळण्यासाठी ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता त्याला आजूबाजूने, पर्यायाने डब्यातील दुधातून, ओढून घ्यावी लागते. मिठाचे प्रमाण वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, पण घरी तितके उतरवणे इष्टही नसते. अति थंड डब्याच्या कडेला दूध एकदम धरते, पाती अडकतात आणि मधला भाग पातळ राहतो. पाच-सहा भाग फोडलेल्या बर्फास एक भाग जाडे मीठ, तेही थराथराने, हे घरगुती प्रमाण म्हणूनच समजूतदार आहे. बारीक मीठ लगेच विरघळून तळाला जाते, जाडे मीठ थरांत टिकते.

बर्फाविषयी एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. मासळीसाठीचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही, आणि खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्याला निळसर रंग देणे बंधनकारक करण्यात आले. असा बर्फ डब्याबाहेर चालतो. पण खाऱ्या पाण्याची पातळी झाकणाच्या खाली ठेवणे, बादलीचे भोक मोकळे ठेवणे आणि झाकण काढण्यापूर्वी ते पुसून घेणे या तीन गोष्टींत कसूर झाली तर मीठ आणि मळ दोन्ही थेट आइस्क्रीममध्ये उतरतात.

डब्याच्या आत चालते ते मुख्यतः पाण्याचे व्यवस्थापन, कारण दुधात आणि फळात पाणीच अधिक असते, आणि ते मोठ्या स्फटिकांत गोठले की आइस्क्रीम जिभेला खरखरीत लागते. यावर घरगुती उपाय म्हणजे दूध आटवणे. म्हशीचे १ लिटर दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवून, त्यात सुमारे १२० ग्रॅम साखर विरघळवून, थोड्या गार दुधात कालवलेले चमचाभर आरारूट लावून ते शिजवतात आणि मग फ्रीजमध्ये निदान चार तास ठेवतात. या वेळात दुधातील प्रथिने पाणी धरतात आणि स्निग्धांश घट्ट होतो, म्हणून घाई करून कोमट मिश्रण पॉटमध्ये ओतणाऱ्यास कष्ट अधिक आणि फळ कमी मिळते. डबा दोन तृतीयांशच भरतात, कारण फिरवताना मिश्रणात हवा मिसळून ते फुगते. आरंभी दांडा संथ फिरवतात, दूध दाटू लागल्यावर वेग वाढवतात. अर्ध्या तासाच्या आत-बाहेर दांडा जड होतो, आणि हाताला लागणारा हा जडपणा घड्याळापेक्षा विश्वासार्ह असतो. मग पाती काढून, फळाच्या फोडी कालवून, डबा पुन्हा बर्फ-मिठात पुरून गोणपाटाखाली तासभर मुरू देतात.

फळांपैकी हापूस सर्वांत आज्ञाधारक आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रायगड जिल्ह्याचाही समावेश आहे. या आंब्याचा रस दाट, रेषाविरहित आणि जात्याच गोड असल्याने वरील दुधास ४०० ग्रॅम रस सहज सामावतो. बरक्या फणसाचे तसे नाही: गरे वाटून गाळावे लागतात, आणि वास इतका चढतो की हापूसच्या चौथ्या हिश्श्याइतका गरही पुरतो. करवंद आणि जांभूळ ही आंबट फळे गरम दुधात पडली तर दूध फाटते. त्यांचा रस साखरेबरोबर शिजवून, थंड करून, दूध अर्धे गोठल्यावर घालावा लागतो. अननस कच्चा घातल्यास त्यातील विकर, म्हणजे प्रथिने तोडणारा घटक, दूध कडवट करतो, म्हणून तोही शिजवूनच घालतात. शहाळ्याची कोवळी मलई मात्र शिजवण्याची गरज नसते. रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये मुंबईत जुहू येथे सुरू केलेल्या ‘नॅचरल्स’ने शहाळ्याच्या आइस्क्रीमला शहरी प्रतिष्ठा दिली. ताडगोळ्यांचा मोह टाळावा. त्यांत पाणी फार आणि स्वाद थोडा, त्यामुळे फोडी गोठून नुसते बर्फाचे खडे होतात.

घरचे म्हणून हे आइस्क्रीम आरोग्यदायी मानले जाते; ते कोणत्या अर्थाने, हे आकड्यांवरून पाहणे योग्य. भारतीय अन्न नियमांनुसार ‘आइस्क्रीम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो; वरील प्रमाणातील हापूसच्या आइस्क्रीममध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा फळाचा असतो. बाजारच्या आइस्क्रीमचा लिटरभर ऐवज किमान ५२५ ग्रॅम भरला तरी चालतो, म्हणजे उरलेल्या जागेत बरीचशी हवा असू शकते, तर हाताने फिरवलेले आइस्क्रीम घट्ट व वजनदार होते. वाटीभराने पोट भरते ते त्यामुळे. साखरेबाबत मात्र ‘आरोग्यदायी’ हे विशेषण सैलपणे वापरले जाते. साखर केवळ गोडीसाठी नसून काही पाणी न गोठता राहावे यासाठीही असते, ती पूर्ण वगळली तर डब्यातून चमचा निघत नाही. गूळ किंवा खजूर घातल्याने साखरेचे रूप बदलते, साखर जात नाही. मधुमेह्यांसाठी लहान वाटी हाच प्रामाणिक उपाय आहे.

पॉट नसलेल्या घरांत जीएमएस (ग्लिसेरॉल मोनोस्टिअरेट) आणि सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) या पावडरी घालून, अर्धवट गोठलेले मिश्रण मिक्सरमधून फिरवून पुन्हा गोठवण्याची पद्धत रुळलेली आहे. पहिली पावडर स्निग्धांश व पाणी एकजीव ठेवते, दुसरी पाणी बांधून धरते. दोन्ही अन्नात वापरण्यास मान्य आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयीची भीती अतिरंजित वाटते, पण आटवलेल्या दुधाचा स्वाद त्या देत नाहीत. या पावडरींविना केलेल्या पॉटच्या आइस्क्रीमची अडचण साठवणुकीची असते. फ्रीजरचे दार वारंवार उघडले किंवा वीज गेली की बारीक स्फटिक वितळून पुन्हा गोठताना मोठे होतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वीज किती बेभरवशाची होते हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्याला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे १ लिटर दुधाचे पॉट आठ-दहा माणसांत त्याच दिवशी संपवतात, आणि उरलेले खारे पाणी सुपारीच्या आळ्यात न ओतता वाडीच्या बाहेर टाकतात.