शेतांत पिकणारें इंधन

जमिनीखालचें तेल एकदां जळालें कीं परत येत नाहीं. शेतांतलें इंधन पुढच्या हंगामांत पुन्हां उगवतें. जैव इंधनाची सारी मोहिनी एवढ्यांत आहे. वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. तेथें रॉकेलऐवजीं वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नांवाचा कंदील तयार झाला. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांचें म्हणणें असें कीं, खनिज तेल हें सांठ्याचें धन आहे, तर वनस्पति व पशु यांपासून मिळणारें बळ हें वाहत्या झऱ्याचें धन आहे. टिकाऊ अर्थव्यवस्था झऱ्यावरच उभारावी.

परंतु झऱ्यालाहि मर्यादा असते. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांवर पोंचलें. एक टन उंसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल निघतें. म्हणजे मोटारीची ३५ लिटरची टांकी निव्वळ त्यानें भरावयाची तर अर्धा टन ऊंस खर्ची पडतो. शिवाय त्याची उष्णता लिटरमागें पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच. मळीपासून तें काढलें तर साखरेला धक्का लागत नाहीं. रसच वळविला तर साखर घटते. म्हणूनच साखर कमी पडण्याची भीति उत्पन्न होतांच केंद्र सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें रसाच्या वापरावर बंधन घातलें. तें पुढील वर्षीं उठलें.

पडीक जमिनींत मोगली एरंड लावून डिझेल मिळविण्याचा घाटहि २००३ च्या सुमारास देशांत घातला गेला. तें झाड रुक्ष जमिनींत तगतें हें खरें. पण तगणें वेगळें नि भरघोस फळणें वेगळें. पाण्यावांचून बी थोडें आलें आणि उत्साह ओसरला.

वर्ध्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यांत अधिक भरंवशाची वाट गोठ्यांतून जाते. गोवऱ्या जाळल्या म्हणजे खताचें सत्त्व धुराबरोबर जातें. तेंच शेण बंद टांकींत कुजविलें तर वायु चुलीला मिळतो व उरलेला राडा शेताला खत म्हणून लाभतो. मात्र दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारें ५० किलो शेण आणि जवळजवळ तितकेंच पाणी लागतें. ज्या घरीं चार-पांच जनावरें नाहींत, किंवा उन्हाळ्यांत दूरच्या विहिरीवरून हंडे आणावे लागतात, तेथें हें जड जातें.

कापूस वेचून झाल्यावर शेतांत पऱ्हाटी उरते. ती दाबून केलेले ठोकळे बॉयलरांत कोळशाऐवजीं जळतात. धुऱ्यावर पेटवून देण्यापेक्षां हें बरें. पण ‘टाकाऊ’ हा शब्द जपूनच वापरावा. धन्याच्या लेखीं टाकाऊ असलेली पऱ्हाटी मजुराच्या घरचें फुकटचें सरपण असते. तिला भाव आला कीं शेतकऱ्याच्या पदरीं चार पैसे पडतील. त्याच दिवशीं शेजारच्या झोपडींतली चूल महाग होईल.

तेव्हां जैव इंधन ज्या जमिनीवर, पाण्यावर व काडीकचऱ्यावर उभें आहे, त्यांवर आधीं कोणाचा निर्वाह चालला होता, हें प्रथम पाहिलें पाहिजे. एका दिव्याला पळीभर तेल पुरतें. शहरांतील मोटारींची तहान पळीनें भागत नाहीं, आणि सारीं शेतें दिलीं तरी ती भागेलसें दिसत नाहीं. ती तहान आवरली, तरच झरा वाहता राहील.