दोड्डकेरे मैदानावरचा आकाशपाळणा

दसऱ्याला म्हैसूरला गेलेला मराठी माणूस राजवाडा, चामुंडीचा डोंगर आणि वृंदावन बाग बघून परततो. मंडी मोहल्ल्यात मुक्काम टाकणारे थोडे. मला मात्र हे जुनं शहर इथेच भेटलं. अरुंद गल्ल्या, पोती उतरवणारे हमाल, उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका, मधूनच येणारा उदबत्तीचा दरवळ. पश्चिमेचा मोठा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. विजयादशमीला सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती त्याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जातो. हे ठाऊक असूनही तिथली पाटी वाचताना ऊर भरून आला. मोहल्ल्यात १९०६ पासूनचं मिशन हॉस्पिटल आहे, जवळच कोलोनच्या कॅथीड्रलच्या धर्तीवर बांधलेलं सेंट फिलोमिना चर्च आहे. दोन्हींवर पुष्कळ लिहून झालंय.

दसऱ्याच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या पोरासोरांच्या तोंडी एकच विषय असतो, ‘एक्झिबिशन’. मी उतरले होते त्या लॉजखालचा चहावाला म्हणाला, “हत्ती एक दिन, एक्झिबिशन तीन महिने.” त्याची लेक कोलंबसच्या झुलत्या नावेत बसायला पैसे साठवत होती. चालत निघाले, तर रिक्षावाला हटकायला आलाच, “पैदल नक्को मॅडम, लई दूर है.” पण अशोका रोडने दक्षिणेला सरळ जायचं, १९२७ मध्ये राजवाड्याच्या नोकरांनी महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवासाठी बांधलेला मोठा घड्याळ-मनोरा गाठायचा आणि राजवाड्याला वळसा घालायचा. रमतगमत सहज जाता येतं.

हे एक्झिबिशन जिथे भरतं ते दोड्डकेरे मैदान म्हणजे बुजवलेला मोठा तलाव. दसऱ्याच्या प्रदर्शनाची प्रथा एकोणिसाव्या शतकातली, दहाव्या चामराज वडेयरांच्या काळातली. नवी अवजारं, नवे उद्योग प्रजेला दिसावेत, हा तेव्हाचा हेतू. आजही सरकारी खात्यांचे देखावे मांडलेले असतात आणि लोक ते बघतातही. पण गर्दीचा लोंढा आत शिरला की पाय वळतात ते पाळण्यांकडेच.

मी कोलंबसपासून सुरुवात केली. मुद्दाम अगदी टोकाची रांग धरली. नाव वर चढते, क्षणभर थबकते आणि मागे कोसळते, तेव्हा पोट जागेवर राहत नाही. खाली येताना अंग दुप्पट जड वाटतं, वर पोचताच वजनच नाहीसं होतं. उतरल्यावर खाली वाकून पाहिलं. नावेच्या पोटाखाली एक साधा रबरी टायर फिरत होता. नाव त्याच्यावरून जाताना चालक दांडा ओढून टायर वर टेकवायचा. रेटा अचूक क्षणी बसला तर झोका वाढतो, चुकला तर मरतो. त्या पोराची नजर एकदाही ढळली नाही. पुढे ब्रेक डान्समध्ये डोकं गरगरलं. मग मौत का कुआँ. उभ्या फळ्यांच्या भिंतीवर दुचाकीस्वार हात सोडून फिरत होता आणि कठड्यावरून पुढे केलेल्या नोटा टिपत होता. फळ्या थरथरत होत्या, ती थरथर कठड्यावर टेकलेल्या माझ्या तळहातांना कळत होती. हा खेळ मूळचा अमेरिकेतला. तो १९२९ मध्ये इंग्लंडला पोचला आणि आता आपल्या जत्रांमध्ये कुणी परका म्हणत नाही इतका रुजलाय.

आकाशपाळण्यापाशी मात्र मी रेंगाळले, कारण तिथे मराठी ऐकू आलं. मिरजेकडचे एक मामा, साठीच्या आसपासचे, हातात छोटी हातोडी घेऊन पाळण्याच्या पायाशी उभे होते. “आधी जमीन बगायची ताई, लोखंड मागनं,” ते म्हणाले. तळ्याचीच जमीन ही, वर ऑक्टोबरचा पाऊस. माती एका अंगाला दबली की सगळं चाक कलणार. म्हणून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आडवे-उभे रचायचे आणि त्यावर पाया बसवायचा. लेव्हल कशाने बघता विचारलं, तर गवंड्यांकडे असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यांनी काढून दाखवली. दोन्ही टोकांचं पाणी एका रेषेत आलं की जमलं. पाऊस पडून गेला की पुन्हा नळी, पुन्हा पाचरी. रोज दुपारी पाळणा आधी रिकामा फिरवतात. मामा एकेका बोल्टवर हातोडी मारून कान देतात. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर पाना घ्यायचा. माणसं बसवतानाही समोरासमोरचे पाळणे भरतात, म्हणजे चाक एका बाजूला ओढत नाही. लोक ‘आम्हाला सगळ्यांना शेजारी बसव’ म्हणून भांडतात, मामा ऐकत नाहीत.

संध्याकाळी सातला मी वर होते, तेव्हा राजवाड्याचे लाखभर दिवे एकदम लागले. एका बाजूला चामुंडीचा उजळलेला डोंगर, उत्तरेला चर्चचे जुळे मनोरे, त्यांच्या अलीकडे मंडी मोहल्ल्याची दाटी. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतलं १८९७ सालचं महाचक्र जवळपास ६५ मीटर उंच आहे. मामांचं चाक त्यापुढे लहान, पण वरून दिसणाऱ्या नजाऱ्यात काही उणं नव्हतं. उतरल्यावर तिखट-मसाला भुरभुरलेला ताटाएवढा दिल्ली अप्पळ, म्हणजे पापड, खाल्ला. त्याशिवाय म्हैसूरकर प्रदर्शनातून बाहेर पडतच नाही.

कोपनहेगनच्या तिवोली बागेचा मला हेवा वाटतो. १८४३ मध्ये उघडलेली ही बाग ऐन शहरात आहे आणि १९१४ सालची लाकडी रोलरकोस्टर तिथे आजही धावते. गाडीत ब्रेक लावणारा माणूस बसलेला असतो. हे माणसाच्या हातातलं कसब आहे, असं समजून त्यांनी ते जपलं. आमच्या पिढीने बोटीने गोराईला जाऊन एस्सेलवर्ल्डचे पाळणे अनुभवले. १९८९ ते २०२२, एवढंच त्याचं आयुष्य. दोड्डकेरे मैदानाचं दुखणं वेगळं. सणाचे महिने सरले की एवढी मोक्याची जागा बरीचशी ओस पडते. वर्षभर काही चालवायच्या घोषणा अधूनमधून होतात, पण पाळणेवाले दर दसऱ्याला त्याच चिखलात स्लीपर रचायला लागतात.

मामा तक्रारखोर नाहीत. इथला मुक्काम उठला की माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत त्यांचं चाक उभं राहील. काय हवं विचारलं तर म्हणाले, “पाळण्याखाली सिमेंटचा पक्का चौथरा, नीट अर्थिंग आन् पोरांना रात्री झोपायला पत्र्याची एक शेड.” पोरं पाळण्याखालीच ताडपत्री अंथरून झोपतात, ते मी पाहिलं होतं. मंडी मोहल्ल्यातली लेकरं ज्या लोखंडावर विश्वासाने जीव टाकतात, ते राखणाऱ्यांसाठी एवढं करायला पुढचा दसरा उजाडायची काहीच गरज नाही. मैदान रिकामं असतं, तेव्हाच हे काम उरकता येईल.